आम्ही घर घेतलं, उधारी नाही

पत्र थोडक्यात असं: डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या एका वाचक ताईंनी आणि त्यांच्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी जुन्या सोसायटीत रीसेलचा वन बीएचके घेतला. दोघंही नोकरीवाले, सकाळची लोकल पकडून जातात. दिवसभर घरी फक्त सासरे, वय 74. आधीचे मालक, ज्यांना त्या पत्रभर ‘काका’ म्हणतात, सज्जन वाटले होते. व्यवहारात शेवटचे पैसे द्यायला महिनाभर उशीर झाला तेव्हा त्यांनी एका शब्दानं टोचलं नाही. आता काही महिन्यांपासून काकांच्या नावाची पत्रं येत आहेत: बँका, एक फायनान्स कंपनी, वकिलाची नोटीस, जीएसटी खात्याचं एक पत्र. मागोमाग वसुलीवाले आले. सासऱ्यांनी दोन रजिस्टर पत्रं सही करून घेतली. ‘पत्ता हाच आहे, सामान उचलून नेऊ’ असं एकानं दारात उभं राहून, शेजारी ऐकतील अशा आवाजात सुनावलं. काकांना फोन केला तर म्हणाले, ‘फाडून टाका हो, आणि आमचा नवा पत्ता कुणाला देऊ नका.’ पत्ता ताईंना माहीत आहे. त्या विचारतात: पत्ता दिला तर विश्वासघात होईल का? नाही दिला तर हे कर्ज आमच्या घरावर येईल का? माझा सिबिल बिघडेल का? काही पत्रं मी उघडून वाचली, तो गुन्हा झाला का? ‘सासरे आता बेल वाजली तरी दार उघडत नाहीत,’ हे त्यांचं शेवटचं वाक्य.

ताई,

झोप उडवणारी भीती आधी बघू. काकांचं पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाची उधारी तुमच्यावर येत नाही. कर्जाच्या कागदावर ज्यानं सही केली तो देणेकरी, जो जामीन राहिला तो त्याच्या जोडीला. देणेकरी गेला तर वारस, आणि तेही त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतेच. तुम्ही यांतल्या कुणीच नाही. तुम्ही घर घेतलंत, रीतसर मुद्रांक शुल्क भरून, सब-रजिस्ट्रारपुढे बसून. घरासोबत काकांची उधारी विकत घेतलेली नाही. ‘पत्ता हाच आहे’ हे त्या वसुलीवाल्याचं म्हणणं खरं आहे, पण त्यातून कायद्यानं काहीच निघत नाही.

म्हणून कुठलंच देणं घराबरोबर येत नाही, असं मात्र समजू नका. काही देणी माणसाच्या नावावर असतात आणि काही जागेला चिकटलेली. जागेला चिकटलेल्यांत पहिली घरपट्टी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरचा पहिला बोजा असतो, मालक कोण हा प्रश्न नंतरचा. दुसरी सोसायटीची थकबाकी. ती सहसा शेअर सर्टिफिकेट नावावर करतानाच वसूल होते, आणि तुमचं सर्टिफिकेट झालेलं आहे, तेव्हा तिथली काळजी सोडा. तिसरं वीजबिल. के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी त्या जागेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडे मागू शकते. तुमचं मीटर चालू आहे, बिलं तुम्ही भरता, तर हाही प्रश्न नाही. (मात्र दोन वर्षं झाली तरी लाइट बिल काकांच्याच नावानं येतं, असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. त्याकडे पुढे येते.)

चौथं देणं सगळ्यांत मोठं: घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. तुम्ही स्वतः गृहकर्ज घेतलंत म्हणजे तुमच्या बँकेनं वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांचा आणि बोजांचा तपास, काढला असणार, काकांचं जुनं गृहकर्ज असेल तर ते फिटल्याचा दाखला मागितला असणार. तरी मनाच्या समाधानासाठी दोन ठिकाणी बघता येतं. मूळ कागदपत्रं बँकेकडे ठेवून कर्ज काढलं असेल तर महाराष्ट्रात एप्रिल 2013 पासून त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ सब-रजिस्ट्रारकडे दाखल करावी लागते, म्हणजे ती सर्चमध्ये दिसते. आणि 2011 पासून ‘सरसाय’ नावाची केंद्रीय नोंदवही आहे. तारण मालमत्तांची नोंद तिथे असते आणि थोडकी फी भरून कुणालाही ती पाहता येते. मालमत्तेच्या पत्त्यावरून शोधा. तुमच्या स्वतःच्या बँकेचा बोजा दिसेल, तो दिसायलाच हवा. दुसऱ्या कुणाचा दिसला तर त्याच आठवड्यात वकील गाठा.

आणखी एक शंका तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मनात येऊन गेली असेल. काकांनी कर्ज बुडवायचं म्हणून घर विकलं असेल, तर बँक आमचा व्यवहारच मोडेल का? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 53 मध्ये अशी विक्री रद्द मागायची सोय आहे. पण त्याच कलमात, प्रामाणिकपणे आणि मोबदला देऊन घेणाऱ्याचे हक्क राखलेले आहेत. तुमचे पैसे बँकेतून गेलेत, भाव बाजाराचा होता. बस.

आता पत्रं. तुम्ही काही उघडलीत. झालं ते झालं, त्यासाठी कुणी तुम्हाला पकडून नेणार नाही. पण यापुढे उघडू नका. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर असतं आणि तुम्हाला तेवढंच लागतं. काकांवर किती देणं आहे हा आकडा तुमच्या डोक्यात नसलेलाच बरा. एकदा कळला की तो नणदेशी बोलताना निसटतो, आणि पुढे सोसायटीच्या सभेत पोचतो.

फाडूनही टाकू नका. ‘फाडून टाका’ म्हणताना काकांना वाटतंय की पत्र नाहीसं झालं म्हणजे प्रकरण नाहीसं झालं. उलट होतं. समजा त्या वकिलाच्या नोटिशीत न वटलेल्या चेकची गोष्ट असेल. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले तर गुन्हाच होत नाही. ती मुदत केराच्या डब्यात गेली तर काका थेट फौजदारी कोर्टात. दिवाणी दाव्याचं समन्स असंच हरवलं तर एकतर्फी निकाल लागतो, आणि तो नंतर रद्द करून घ्यायला दुप्पट वकिली खर्च येतो. बँका तालुका विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीची जी नोटीस पाठवतात, तिच्यावर कोर्टाचं नाव बघून लोक हादरतात. खरं तर ते तडजोडीचं बोलावणं असतं. रक्कम कमी करून घ्यायची ती उत्तम वेळ, आणि तीच पत्रं सगळ्यांत आधी फाडली जातात.

म्हणजे काकांचं म्हणणं ऐकून तुम्ही त्यांचं भलं करत नाही. हे त्यांना सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा हवं तर.

पत्रांचं करायचं काय? साध्या टपालावर, मूळ पत्ता झाकला जाणार नाही असं, ‘ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्यास परत’ एवढं लिहून पोस्टमनच्या हातात द्या. तो वरचेवर भेटत नसेल तर तुमच्या भागाच्या डिलिव्हरी पोस्टात नेऊन द्या. कुरिअरवाला आला तर पाकीट हातातच घेऊ नका. सही लागणारं पत्र आलं तर जास्त सांभाळा. तिथे दोन चुका होतात. एक, सासऱ्यांकडून झाली ती: सही करून घेणं. पाठवणाऱ्याच्या हाती पोच पडते आणि त्याच्या दफ्तरी ‘या पत्त्यावर पत्र मिळालं’ अशी नोंद होते. दुसरी याच्या उलट: रागानं ‘घेणार नाही, जा’ म्हणणं. मग पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारतो, आणि नकार म्हणजे पत्र मिळालंच असं कोर्ट धरून चालतं. तेव्हा शांतपणे सांगायचं, ‘ते इथून सोडून गेले, घर आम्ही घेतलंय’, आणि शेरा ‘सोडून गेले’ असाच मारून घ्यायचा. दोन शेऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सासऱ्यांनी सही केलेली दोन पत्रं अजून घरात असतील तर ती परत पाठवा. सोबत चार ओळी: ज्येष्ठ व्यक्तीनं गैरसमजातून पत्र स्वीकारलं, तिचा मूळ व्यक्तीशी काही संबंध नाही. पाठवताना स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. त्याच फेरीत पोस्टमास्तरांच्या नावानं एक अर्ज द्या की अमुक सदनिकेत फक्त आमचं कुटुंब राहतं, इतर नावांचं टपाल इथे देऊ नये. काकांनाही सांगा की आपलं टपाल नव्या पत्त्यावर वळवायचा अर्ज याच पोस्टात त्यांना स्वतः देता येतो.

टपाल परत करणं हा अर्धा इलाज. संगणकातला पत्ता बदलत नाही तोवर पत्रं येतच राहतील, म्हणून ज्या ज्या बँकेचं पत्र आलंय तिला एकदा, लेखी कळवा. मजकूर असा चालेल:

‘आपल्या दिनांक __ च्या पत्रावर (संदर्भ क्रमांक __) ज्यांचे नाव आहे, त्यांनी सदर सदनिका आम्हास दिनांक __ रोजी नोंदणीकृत दस्ताने विकली असून ते येथे राहत नाहीत. विक्रीच्या व्यवहाराखेरीज त्यांच्याशी आमचा कोणताही संबंध नाही. आम्ही त्यांच्या कर्जास सहकर्जदार वा जामीनदार नाही. तरी आपल्या नोंदीतून हा पत्ता काढावा, वसुली प्रतिनिधींना येथे पाठवू नये व तसे लेखी कळवावे.’

एक प्रत शाखेला, एक बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं. त्यांचं नाव आणि पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. सोबत पुरावा म्हणून सोसायटीचं पत्र पुरेल. आधार कार्डाची प्रत जोडू नका, ज्या बँकेशी तुमचा व्यवहार नाही तिला ती कशाला? इंडेक्स टूवर (नोंदणी झालेल्या खरेदीचा सरकारी उतारा) व्यवहाराची किंमत आणि दोन्ही पक्षांची बरीच माहिती असते, ती मागितल्याशिवाय देऊ नका आणि द्यायची वेळ आली तर नको तो मजकूर झाकून द्या. महिनाभरात उत्तर नाही आलं, किंवा माणसं येणं थांबलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जा. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

वसुलीवाल्यांबद्दल तुम्ही जितकं घाबरताय तितकं घाबरायचं कारण नाही, पण बेसावधही राहू नका. दारातल्या माणसाकडे बँकेनं किंवा एजन्सीनं दिलेलं ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सेफ्टी डोअर बंद ठेवून ते मागा आणि मोबाइलवर फोटो काढा. 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलंय की धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, कर्जदाराच्या घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास देणं चालणार नाही. वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत. खुद्द कर्जदाराच्या बाबतीत हे नियम असतील तर तुमच्या सासऱ्यांना दारात ओरडून बोलायचा त्याला काय अधिकार? एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याला जबाबदार बँकच असते, म्हणून तक्रारीत तारीख, वेळ, त्याचे शब्द आणि कुणासमोर बोलला ते लिहा.

ओळखपत्र दाखवत नसेल तर तो बँकेचा नसण्याचीही शक्यता असते. व्याजानं पैसे देणाऱ्या खाजगी सावकाराचा माणूस असू शकतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं 2014 च्या सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे, त्यामुळे असली माणसं कागद दाखवत नाहीत, आवाज चढवतात. त्याच्याशी वाद घालायचा नाही. 112 ला फोन.

सामान उचलून नेण्याची धमकी पोकळ आहे. वसुली एजंटला कुणाच्याही घरात शिरून वस्तू नेता येत नाहीत. जप्ती कोर्टाच्या हुकमानं होते, बेलीफ येतो, त्याच्या हातात वॉरंट असतं, आणि ते देणेकऱ्याच्या मालमत्तेवर असतं. अगदी चुकून बेलीफ तुमच्या दारात आलाच तर त्याला घराचे कागद दाखवा. पुढे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 58 खाली ‘ही वस्तू आमची’ असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. बेलीफाशी हुज्जत घालू नका. तो सरकारी काम करतोय, आणि ‘सदर इसम येथे राहत नाही’ हा त्याचा शेरा तुमच्या दहा पत्रांपेक्षा वजनदार ठरतो.

आता त्या लाइट बिलाकडे येते. तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे: तळमजल्यावरच्या नावांच्या बोर्डावर तुमच्या फ्लॅटपुढे अजून काकांचं आडनाव आहे. ताई, वसुलीवाला जिन्याशी येऊन बोर्ड वाचतो, मीटरबॉक्सजवळ खोचलेलं बिल बघतो, वॉचमनला विचारतो आणि वॉचमन सवयीनं ‘तिसरा मजला’ म्हणतो. मग वर येऊन तुमच्या सासऱ्यांच्या शब्दावर त्यानं का विश्वास ठेवावा? काका घर सोडून दोन वर्षं झाली, पण इमारतीच्या लेखी ते तिथेच राहतात. बोर्ड बदलून घ्यायला सेक्रेटरींना एक चिठ्ठी पुरते. वीजबिलावरचं नाव बदलायचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होतो, घरपट्टीचा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात. मतदार यादीत काकांची नावं तुमच्या पत्त्यावर असतील तर तेही त्यांना कळवा, पत्ता बदलायचा फॉर्म त्यांनी भरायचा आहे. ही कामं कंटाळवाणी आहेत आणि रविवार खातात, पण वरच्या सगळ्या कलमांपेक्षा यांनीच जास्त फरक पडेल असं मला वाटतं.

जीएसटीचं पत्र बाकीच्या टपालात मिसळू नका. त्यावर जो जीएसटी क्रमांक आहे तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, व्यवसायाचं मुख्य ठिकाण म्हणून कुठला पत्ता नोंदलाय ते सगळ्यांना दिसतं. तिथे तुमचा फ्लॅट असेल तर काकांचा धंदा कागदोपत्री तुमच्या घरात चालू आहे, आणि अधिकारी पाहणीला येऊ शकतात. पत्रावर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथे, बँकेला लिहिलंत तसंच पण खरेदीच्या पुराव्यासह, पत्र द्या आणि पोच घ्या. नोंदवलेल्या जागी धंदा होत नसेल तर नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. काकांनी कंपनी काढलेली असेल आणि तिचं नोंदणीकृत कार्यालय तुमचा पत्ता असेल, तर कंपनी निबंधकांनाही असंच पत्र.

आणि पत्रं न उघडण्याच्या नियमाला एक अपवाद. एका जातीचा कागद दारावर चिकटलेला दिसला किंवा हाती आला, तर नाव कुणाचंही असो, तो वाचायचाच: ज्यात तुमच्या सदनिकेचा क्रमांक ‘तारण मालमत्ता’ म्हणून आहे किंवा ‘सरफेसी कायदा 2002’ (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) असे शब्द आहेत. त्याच्या कलम 13(2) च्या नोटिशीत थकबाकी भरायला 60 दिवसांची मुदत असते. त्यानंतर ताब्याची नोटीस दारावर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला 45 दिवस मिळतात. तुमच्याकडे असं काही आलेलं नाही. हे मी दुसऱ्या वाचकांसाठीही लिहितेय, ज्यांनी कर्ज न काढता, सर्च न करता, ओळखीवर घर घेतलंय.

सिबिलचं एका दमात सांगते. क्रेडिट रिपोर्ट पॅन, नाव, जन्मतारीख अशा तुमच्या स्वतःच्या ओळखीवर बनतो. त्या घरात आधी कोण राहत होतं यानं स्कोअर खाली जात नाही. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. काढून बघा. काकांचं कर्ज चुकून दिसलं तर दुरुस्तीचा अर्ज करा, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते.

राहता राहिले काका, आणि मला वाटतं तुम्ही पत्र लिहिलंत ते त्यांच्याचसाठी. तुम्ही प्रश्न असा मांडलाय की पत्ता दिला तर मी विश्वासघातकी, न दिला तर आमचा बळी. पण तुम्हाला यांतलं काहीच व्हायचं नाही. त्यांचा पत्ता एजंटाला देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि मी तर म्हणेन, देऊही नका. दारातला माणूस कोण आहे हे तुम्हाला पुरतं माहीत नसतं, आणि त्या नव्या घरातही कुणी म्हातारं माणूस एकटं असेल. पण ‘मला माहीत नाही’ असंही म्हणू नका. ते खोटं आहे, तुम्हाला ते जमणार नाही, आणि उद्या कुणी तुमच्या फोनमधला नंबर दाखवला तर तुम्ही सामील ठराल. ‘ते इथे राहत नाहीत. त्यांच्याबद्दल बाकी काही सांगणं माझं काम नाही’ एवढं वाक्य पुरे. हे वाक्य सासऱ्यांना, यजमानांना आणि वॉचमनला एकसारखं पाठ असू दे. कोर्टानं किंवा पोलिसांनी लेखी विचारलं तर मात्र खरं ते सांगायचं, आणि हे काकांना आधीच माहीत असावं.

म्हणून त्यांना फोन करू नका, लिहा. फोनवर ते गोड बोलतील, तुम्हाला तो महिना आठवेल आणि तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवाल. व्हॉट्सॲपवर असं काहीसं पाठवा: ‘काका, नमस्कार. तुमच्या नावाची पत्रं आणि माणसं घरी येतात, बाबांना फार त्रास होतो. येत्या पंधरा दिवसांत बँका, जीएसटी आणि पोस्टात पत्ता बदलून घ्या. त्यानंतर आलेलं टपाल मी न उघडता परत पाठवेन. फाडणार नाही. तुमचा पत्ता वसुलीवाल्यांना देणार नाही, पण कोर्टानं किंवा पोलिसांनी विचारलं तर खरं सांगेन. वकिलाची नोटीसही आलेली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.’ कडू शब्द एक नाही, आणि त्यांना जे करायचं ते करायला वेळही दिलाय.

त्यांनी महिनाभर थांबून तुमच्यावर उपकार केले हे खरं. त्याची परतफेड दिवाळीला फराळाचा डबा पाठवून करा. आपल्या घराचं दार त्यांच्या लपण्यासाठी देऊन ती करायची नसते. आणि ते सज्जन होते की लबाड, हे ठरवायचंही कारण नाही. धंदा बसलेला सज्जन माणूससुद्धा पत्र फाडायला सांगतो. घाबरलेला असतो.

सासऱ्यांबद्दल. त्यांना समजावताना ‘तुम्ही लक्ष देऊ नका, दार उघडू नका’ एवढ्यावर थांबू नका. ज्या पिढीनं उसनं घेतलेले पाच रुपये पगाराच्या दिवशी परत केले, तिच्या दारात ‘थकबाकी’ हा शब्द ओरडला जाणं हा तिला आपलाच अपमान वाटतो. त्यांना कागद दाखवा: खरेदीखत, बँकेला गेलेलं पत्र, त्याची पोच. दाराशी एक वही ठेवा, त्यात कोण आलं, केव्हा आलं, काय म्हणालं हे त्यांना लिहू द्या. तक्रारीला तीच वही उपयोगी पडेल. शेजाऱ्यांशीही एकदा तुम्ही स्वतःहून बोला. काकांचं देणं किती, कुणाचं, यात न शिरता ‘जुन्या मालकांचं टपाल येतं, आम्ही बँकेला कळवलंय’ एवढं. कुजबूज अर्धवट माहितीवर चालते.

जे वाचक आत्ता रीसेलचं घर घेताहेत त्यांनी ताब्याच्या दिवशी किल्ल्यांबरोबर आणखी एक गोष्ट मागून घ्यावी: विकणाऱ्याचा टपालाचा नवा पत्ता आणि त्यानं कुठे कुठे पत्ता बदलला याची सहीची यादी. ताब्याच्या तारखेपर्यंतची सगळी देणी विकणाऱ्याची, आणि त्यापायी घेणाऱ्याला तोशीस लागली तर भरपाई विकणारा देईल, असं कलम करारनाम्यात असतं बहुतेक, पण सही करण्याआधी ते वाचा. ताई, तुमच्याही करारनाम्यात ते असेल. शोधा, त्या पानाची झेरॉक्स काढा आणि काकांनी पंधरा दिवसांत काही केलं नाही तर दुसऱ्या निरोपासोबत तिचा फोटो पाठवा.